सांगलीत राहून हळदीचा रंग चुकवला, मग मॉनिटर घेतला

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू. गेल्या सीझनला गावातल्याच एका लग्नाचा व्हिडिओ दिला, चार मिनिटांचा हायलाइट आणि दोन तासांची फुल फिल्म, पेनड्राइव्हमध्ये घालून, छान डबी वगैरे देऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मुलीच्या मामांचा फोन. मामा मार्केट यार्डात हळदीचे अडते. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "अहो, पोरीला हळद लावलीया का शेंदूर फासलाय?"

मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं, की मामा तुमच्या टीव्हीचं सेटिंग बघा, पोरांनी कलर वाढवून ठेवला असेल. तर म्हणाले, "त्याच टीव्हीवर रोज बातम्या बघतोय की, ती बाई काय केशरी दिसत नाही." आता यावर काय बोलणार. आणि वर, "तीस वर्षं राजापुरी हळदीचे सौदे काढतोय, हळदीचा रंग मला सांगू नका."

संध्याकाळी गेलो त्यांच्या घरी. चहा आला, पेनड्राइव्ह लावला, आणि मलाच कसंतरी झालं. नवरीच्या गालावरची हळद खरंच केशरी, करवल्यांचे चेहरे लालबुंद, आणि मांडवाच्या कनातीचा पिवळा कपडा तर पेटल्यासारखा. बायकोच्या मोबाईलवर तीच फाईल उघडली, तिथंही तेच, जरा कमी एवढंच. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं मस्त, सोज्वळ पिवळं. म्हणजे तीनात एकटा माझा लॅपटॉप वेगळं सांगत होता आणि मी दोन वर्षं त्याच्यावरच विश्वास ठेवून बसलो होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि सांगलीतलाच माणूस हळदीचा रंग चुकवतोय, लाज वाटली हो.

तर ही पोस्ट म्हणजे त्यानंतर दीड महिना मी मॉनिटर घेण्यासाठी जे काही वाचलं, विचारलं, फसता फसता वाचलो त्याची गोष्ट. बजेट २०,००० रुपये, त्यात केबल पण. माझ्यासारखे लग्न-बारशाचे व्हिडिओ करणारे, यूट्यूबवाले, इन्स्टावर रील टाकणारे यांना उपयोग होईल. जाहिरातीवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी वाचू नका, तुमचं गणित वेगळं.

आधी लॅपटॉपनं काय केलं ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर नवा मॉनिटर घेताना पण तीच चूक होणार. माझ्या लॅपटॉपचा डिस्प्ले टीएन पॅनलचा. टीएन म्हणजे पॅनलचा स्वस्तातला प्रकार, त्यात झाकण जरा मागं-पुढं झालं की चित्र कधी उजळ, कधी काळपट. मी कितीतरी वेळा रात्री एक्स्पोजर सेट केलंय आणि सकाळी झाकण वेगळ्या कोनात उघडून परत बदललंय, आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच शिव्या घातल्यात की काल झोपेत केलं का हे. दुसरं म्हणजे त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ४५ टक्के एनटीएससी. घेताना कोण बघतो ते, आपण रॅम बघतो आणि प्रोसेसर बघतो. एनटीएससी हे १९५३ चं अमेरिकन टीव्हीचं माप, आजच्या व्हिडिओशी त्याचा काही संबंध उरलेला नाही, पण कंपन्या अजून तेच छापतात. साधारण ७२ टक्के एनटीएससी म्हणजे आपलं १०० टक्के एसआरजीबी, कॉम्प्युटरच्या स्क्रीनचं नेहमीचं रंगांचं माप. त्या हिशोबानं ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम ६२-६३ टक्के रंग. एक तृतीयांशाहून जास्त रंग माझ्या स्क्रीनवर दिसतच नव्हते!

मग होतं काय, हळद स्क्रीनवर फिकी दिसते म्हणून मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवतो. स्क्रीन मुळातच निळसर असल्यामुळे चेहरे थंड दिसतात म्हणून मी चित्र उबदार करतो, म्हणजे टेंपरेचरचा स्लायडर केशरीकडे. सर्दी झालेल्या आचाऱ्यानं आमटी चाखत चाखत मीठ-तिखट घालत जावं तसं. त्याला चव बरोबर लागतीय, पंगतीतला माणूस मात्र पाणी मागतोय.

एसआरजीबी का महत्त्वाचं ते पण एका वाक्यात सांगून टाकतो. एचडी व्हिडिओचं स्टँडर्ड म्हणजे रेक ७०९, ते १९९० मधलं, आणि कॉम्प्युटरचं एसआरजीबी हे एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये आणलं, आणि दोघांचे मूळ लाल-हिरवा-निळा एकच आहेत, फक्त गॅमाचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो त्याचा, फरक. म्हणजे ज्या मॉनिटरवर १०० टक्के एसआरजीबी लिहिलंय त्याच्यावर यूट्यूबचे, टीव्हीचे, व्हॉट्सॲपचे नेहमीच्या व्हिडिओचे सगळे रंग बसतात. आपलं काम भागलं. डीसीआय-पी३ वगैरे मोठी रंगांची मापं थिएटरसाठी, ते असलं तर छान पण त्याच्या मागं लागून बजेट घालवू नका. उलट स्वस्तातला एखादा गेमिंग मॉनिटर ९० टक्के पी३ दाखवतो पण त्याला नीट एसआरजीबी मोडच नसतो, मग सगळंच भडक दिसतं आणि आपण घाबरून रंग कमी करत बसतो, म्हणजे माझ्या आजाराचा उलटा आजार.

आता घरातले सल्ले. आई म्हणाली, २० हजारात ३२ इंची टीव्ही येतो, तोच लाव की कॉम्प्युटरला, आम्ही पण मालिका बघू. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी पण हा विचार केला. पण ३२ इंचातले बरेच स्वस्त टीव्ही हे 'एचडी रेडी' म्हणजे १३६६ बाय ७६८, आमच्या ओळखीच्या दुकानात जाऊन लावून बघितला तर टाइमलाइनवरची क्लिपची नावंच वाचता येईनात. आणि टीव्ही आपल्या मनानं शार्पनेस वाढवतो, कडेनं चित्र कापतो, आणि बऱ्याच टीव्हीत पीसी मोड सापडेपर्यंत लाल अक्षरं काळ्यावर अशी फाटल्यासारखी दिसतात, कारण तो रंगाची माहिती अर्ध्या-पाव रिझोल्यूशननं दाखवत असतो. टीव्ही बघायला चांगला, त्याच्यावर काम करायला नाही. आईला समजावलं. अजून रुसलीय.

मामेभावाचा सल्ला, २७ इंची कर्व्हड, १६५ हर्ट्झ (म्हणजे स्क्रीन सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र नवं करते), व्हीए पॅनल, आमच्याच बजेटमध्ये. दिसायला एकदम खतरनाक, मान्य. व्हीएचा काळा रंग खरंच काळा असतो, कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ला १, आयपीएस या तिसऱ्या प्रकारच्या पॅनलचा १००० ला १ च्या आसपास. रात्रीच्या वरातीचे शॉट त्याच्यावर भारी दिसतात. पण जरा तिरकं बघितलं की सावलीतला डिटेल बदलतो, आणि सावलीतला डिटेल म्हणजे तर आमचं निम्मं काम, काळा कोट, काळे केस, मांडवाबाहेरचा अंधार. मी खुर्चीत सरळ बसणारा माणूस नाही, कधी उजवीकडं रेललेला, कधी मांडी घालून. त्यात काही स्वस्त व्हीएमध्ये काळ्यातून काही सरकलं की मागं धुरासारखा पट्टा राहतो. गेम आणि पिक्चर बघायला व्हीए जरूर घ्या, रंगाचं काम करायचं असेल आणि पैसे मोजके असतील तर आयपीएस. आयपीएसला अंधारात कोपऱ्यातून एक पांढुरकी झाक येते, तिला आयपीएस ग्लो म्हणतात, ती प्रत्येकात कमीजास्त असतेच, त्याची तयारी ठेवा.

२७ इंच की २४ इंच यावर तर मित्राशी भांडण व्हायचं बाकी होतं. २७ इंच फुल एचडी म्हणजे एका इंचात ८२ पिक्सेल, २४ इंचात ९२. टेबलावर दोन फुटांवर बसून ८२ मध्ये अक्षरं दाणेदार दिसतात. २७ इंच घ्यायचा तर १४४० पी (२५६० बाय १४४०) घ्या, तिथं १०९ होतात, मस्त दिसतं, पण तेव्हा चांगला १४४० पी आयपीएस माझ्या बजेटच्या बाहेर जात होता. मोठा आणि विरळ यापेक्षा छोटा आणि दाट बरा, असं माझं मत झालं. शेवटी कपडा घेताना आपण पन्हा बघतो तसं पोत पण बघतोच ना.

"पण मी तर ४के शूट करतो, मला ४के मॉनिटर नको का?" हा प्रश्न मी पण स्वतःला विचारला. माझा कॅमेरा ४के घेतो हे खरं, पण डिलिव्हरी ९० टक्के फुल एचडी, कारण लोक मोबाईलवर आणि टीव्हीवर बघतात आणि पेनड्राइव्हचे पैसे पण आपल्यालाच. फोकस बघायचा असेल तर व्ह्यूअर १०० टक्के झूम करून तेवढा भाग बघता येतो. आणि दुसरी गोष्ट जी कुणी सांगत नाही, जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर चालतं, माऊस सरकवला की तो लंगडत लंगडत येतो, डोकं दुखतं. ४के मॉनिटर घ्यायच्या आधी लॅपटॉपचं पोर्ट कुठलं ते बघा, नाहीतर पंधरा हजारांच्या बैलाला तीन हजारांची गाडी.

एचडीआर, म्हणजे जास्त उजेड आणि जास्त गडद काळा दाखवणारं चित्र, असं लिहिलेलं असतं त्याचं काय, तर दुर्लक्ष करा. स्वस्त मॉनिटरवरचं एचडीआर म्हणजे तो एचडीआरचा सिग्नल घेऊ शकतो एवढंच. डिस्प्ले एचडीआर ४०० हा सर्टिफिकेटचा तळाचा वर्ग, त्यात उजेडाची अट ४०० निटची, लोकल डिमिंगची (चित्राच्या काळ्या भागापुरता मागचा उजेड उतरवायची) सक्तीच नाही. आपण एसडीआरचं, म्हणजे नेहमीच्या साध्या चित्राचं, काम करतो, त्याला तर १०० निट हा संदर्भ धरतात, म्हणजे उजेडाची आपल्याला ओढ नाहीच.

आता जरा थांबतो कारण पुढचा मुद्दा मला फार आवडलाय आणि तो मला स्वतःलाच योगायोगानं कळला. हर्ट्झ. सगळे सांगतात एडिटिंगला हर्ट्झ लागत नाहीत, ६० पुरे. पण आपण भारतात लग्नं २५ फ्रेमवर शूट करतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि हॉलमधल्या ट्यूबलाइटी नाहीतर शॉटमध्ये लुकलुकतात. आता २५ फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर लावला तर एका फ्रेमच्या वाट्याला २.४ वेळा स्क्रीन रिफ्रेश येतो. पॉइंट चार असं काही नसतं, म्हणून स्क्रीन एक फ्रेम दोनदा दाखवते, पुढची तीनदा, परत दोनदा, परत तीनदा, मधेच सलग दोनदा-दोनदा, असं वेडंवाकडं. म्हणून हळू पॅन केलेला शॉट, म्हणजे मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॅमेरा फिरवलाय, तो हिसके देत जातो. मी दोन वर्षं हे गिंबलचं, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्याचं, दुखणं समजत होतो! स्टॅबिलायझर लावायचो, परत रेंडर, परत हिसके, गिंबल सर्व्हिसिंगला पण दिला होता एकदा. आणि ७५ हर्ट्झवर काय होतं, ७५ भागिले २५, बरोबर तीन. प्रत्येक फ्रेम तीनदा, सारख्या वेळात, पॅन लोण्यासारखा. १०० हर्ट्झ असेल तर चारदा. आता ऑफिसचे साधे मॉनिटरसुद्धा ७५ आणि १०० हर्ट्झमध्ये मिळतात त्यामुळे यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. तुम्ही २४ किंवा ३० वर शूट करत असाल तर १२० चांगला, दोघांनाही भाग जातो. हे सगळं चौथीतलं गणित आहे आणि मला पस्तिशीत समजलं.

जुना मॉनिटर घ्यावा का? पुण्या-मुंबईत आयटी कंपन्यांचे लीज संपलेले मॉनिटर विकायला येतात, त्यात डेलचे अल्ट्राशार्प असतात, उदाहरणार्थ यू२४१५, २४ इंची, १९२० बाय १२००, ९९ टक्के एसआरजीबी, नवीन होता तेव्हा चांगल्या पैशाचा. असा अर्ध्याहून कमी किमतीत मिळाला तर मोह होतोच. मी एक बघितला पण होता, पांढरी स्क्रीन लावली तर डावी बाजू पिवळट, उजवी बरी. बॅकलाइट दमलेला. पाच-सहा वर्षं रोज दहा तास जळालेला असतो तो. तुम्हाला जाऊन, लावून, पांढरी-करडी-काळी स्क्रीन बघून घेता येत असेल तर घ्या, कुरिअरनं मागवू नका.

शेवटी यादीत राहिला असुसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही. २४.१ इंच, आयपीएस, १९२० बाय १२००, १०० टक्के एसआरजीबी आणि रेक ७०९, ७५ हर्ट्झ, आणि कंपनीतून कॅलिब्रेट होऊन (रंग मोजून जुळवून) डेल्टा ई २ पेक्षा कमी असा रिपोर्ट खोक्यात येतो. डेल्टा ई म्हणजे जो रंग दाखवायला पाहिजे आणि जो दाखवला त्यातला फरक, दोनच्या खाली असला की साध्या डोळ्याला तो सहसा कळत नाही. आणि त्या १२०० चा एक फायदा, फुल एचडी चित्राला १०८० ओळी लागतात, वर १२० ओळी उरतात, म्हणजे पूर्ण आकारात प्रिव्ह्यू लावला तरी खाली एक पट्टी राहते. स्टँड वरखाली होतो, उभा पण करता येतो, रील बघायला भारी. दिसायला अगदीच सरकारी आहे, लाइट नाही, वळण नाही, काही नाही. बायको म्हणाली बँकेतला वाटतो.

एका कामाला मुंबईला जायचंच होतं म्हणून लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, पाच मिनिटं चालायचं. पहिल्या दुकानात मी एसआरजीबी किती टक्के विचारलं तर पोरगा म्हणाला, "फुल एचडी आहे सर." मी म्हटलं ते नाही, कलर. तर म्हणाला, "सर सगळे कलर येतात." आणि तोच कर्व्हडवाला पुढं केला, त्याच्यावर मोराचा डेमो व्हिडिओ चालू. मित्रांनो, दुकानातल्या मोरावर जाऊ नका. तो मोर कुठल्याही स्क्रीनवर चांगलाच दिसतो, त्यासाठीच बनवलाय. मी माझ्या पेनड्राइव्हमध्ये तीन गोष्टी नेल्या होत्या: तो हळदीचा शॉट मूळ न रंगवलेला, एक अंधारातल्या वरातीचा, आणि एक साधी करडी फ्रेम. करड्या फ्रेमवर सगळं उघडं पडतं, कुठं गुलाबी झाक, कुठं हिरवी, कोपरे काळपट, सगळं. पोरग्यानं करडी स्क्रीन बघून विचारलं, "सर व्हिडिओ बंद पडला काय?"

तिसऱ्या दुकानात प्रोआर्ट मिळाला, १८,५०० ला ठरला. खोकं उघडून लावून दाखवा म्हटल्यावर मालकांनी जरा तोंड वाकडं केलं पण दाखवला. लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी अशा पाचही स्क्रीन फुल करून, दुकानाचा लाइट त्या कोपऱ्यापुरता बंद करायला लावून डेड पिक्सेल शोधले, नव्हते. खालच्या डाव्या कोपऱ्यात थोडी झाक होती, चालतंय. हे आधीच करा, कारण एखाद-दुसरा पिक्सेल मेलेला असला तर बऱ्याच कंपन्या वॉरंटीत बदलून देत नाहीत, ठरावीक आकडा लागतो. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परत, खोकं बर्थवर भिंतीकडं आणि मी कडेला, लहान पोराला निजवावं तसं.

घरी येऊन लावला आणि पोटात गोळा. काळा रंग राखाडी. चित्र धुतल्यासारखं, फिकं, वरून जरा ताणलेलं, नवरा-नवरी दोघं बारीक झालेले. म्हटलं गेले अठरा हजार पाण्यात. त्या रात्री जेवलो पण नीट नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की विंडोजनं तो डुप्लिकेट मोडवर घेतला होता, म्हणजे लॅपटॉपचंच १९२० बाय १०८० चित्र ताणून १२०० वर बसवत होता. एक्स्टेंड केलं, रिझोल्यूशन १२०० केलं, ताण गेला. तरी काळा राखाडीच. तर भानगड अशी, की एचडीएमआयवर १०८० चा सिग्नल गेला की ग्राफिक्स कार्डाला वाटतं समोर टीव्ही आहे, मग ते काळा रंग ० ऐवजी १६ वर आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर पाठवतं, टीव्हीची तीच पद्धत म्हणून. मॉनिटर मात्र ० ची वाट बघत असतो. आणि माझ्याकडं ते सेटिंग तसंच अडकून राहिलं होतं. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये क्वांटायझेशन रेंज असतं ते 'फुल' करायचं, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'फुल'. क्लिक केलं आणि नवऱ्याचा कोट खाडकन काळा झाला. मी एकटाच खोलीत टाळी वाजवली. कितीतरी लोकांनी याच कारणावरून चांगले मॉनिटर वाईट म्हणून परत केले असतील, माझी खात्री आहे. आणि ७५ हर्ट्झ पण आपोआप येत नाही बरं का, विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हातानं निवडावं लागतं, नाहीतर ६० वरच राहतो.

मग ब्राइटनेस. डब्यातून येतो तेव्हा डोळ्यात घुसतो. मीटर नसेल तर एक गावठी उपाय, मॉनिटरशेजारी खोलीच्या उजेडात एक पांढरा कोरा कागद धरायचा आणि स्क्रीनवर पांढरी फ्रेम लावायची, दोन्ही साधारण सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवायचा. माझा तिशीच्या आसपास आला. पहिले दोन दिवस अंधारी आल्यासारखं वाटतं, मग सवय होते, आणि मुख्य म्हणजे रात्री एडिट केलेलं सकाळी काळं वाटत नाही.

खोलीचं पण बघावं लागलं. माझ्या खोलीची भिंत पोपटी. बायकोनं हौसेनं निवडलेला रंग, त्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही, ती वाचते. पण समोर सगळं पोपटी असलं की डोळा हिरव्याला सरावतो आणि मग चेहऱ्यात गुलाबी जास्त घातलं जातं. मॉनिटरच्या मागं आता करड्या रंगाची सोलापुरी चादर टांगलीय. आणि पिवळा बल्ब काढून ट्यूब लावली. इथं आपल्याकडं एक सोय फुकटात आहे, आपल्या दुकानात जी पांढरी 'कूल डेलाइट' एलईडी ट्यूब मिळते तिच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं, आणि मॉनिटरचा पांढरा पण ६५०० लाच बसवलेला असतो. दोन्ही पांढरे साधारण जुळतात.

आणि हे सगळं करून सुद्धा, डोळ्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही हे मी मामांच्या फोननंतर ठरवलंय. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्री व्हर्जनमध्ये वेक्टरस्कोप, म्हणजे चित्रातले रंग मोजून दाखवणारा गोल आलेख, आहे, प्रीमियरमध्ये पण आहे. त्यात एक तिरकी रेघ असते, स्किन टोनची. माणूस गोरा असो सावळा असो, कातडीचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो, कारण खाली रक्त सगळ्यांचं तेच. चेहऱ्यावर मास्क लावून तेवढाच भाग स्कोपमध्ये बघायचा. हळद लावलेला गाल मात्र त्या रेघेवरून पिवळ्याकडं सरकणारच, म्हणून मी आता हळदीच्या शॉटमध्ये आधी एखादा हळद न लागलेला चेहरा शोधतो, शक्यतो मागं उभी असलेली आजी, तिला रेघेवर आणतो, आणि मग हळद आपोआप जिथं असायला पाहिजे तिथं येते. स्कोप फुकट आहे, हा धडा मॉनिटर घ्यायच्या आधी मिळाला असता तर कदाचित जुन्या लॅपटॉपवर सुद्धा इतकं वाटोळं झालं नसतं.

मामांची फिल्म परत ग्रेड करून दिली, पैसे अर्थातच नाही घेतले. नव्या मॉनिटरवर जुनी टाइमलाइन उघडली तेव्हा सॅच्युरेशनचा आकडा बघून मीच चाट पडलो, ५० च्या जागी ७२! मामांनी बघितली, हळदीच्या शॉटला पॉज केलं, टीव्हीजवळ जाऊन निरखून बघितलं, जसं हळकुंड मोडून आत बघतात तसं, आणि म्हणाले, "हं. ही आपली." मग म्हणाले, धाकट्या पोराचं आहे वैशाखात, रेट जरा बघून लावा.

राहिला कॅलिब्रेटर. कंपनीतून कॅलिब्रेट होऊन आला तरी मॉनिटर वर्षा-दोन वर्षात हळूहळू सरकतो, आणि मोजायचं यंत्र, स्पायडर किंवा कॅलिब्राइट वगैरे, त्याची किंमत माझ्या बजेटला झेपणारी नाही. एक लक्षात ठेवा, त्यानं बनवलेलं आयसीसी प्रोफाइल (मॉनिटरच्या रंगांची नोंद) विंडोजवर रिझॉल्व्ह वापरत नाही, त्याच्यासाठी वेगळा लट (रंग दुरुस्त करायचा तक्ता) बनवून व्ह्यूअरला लावावा लागतो, ते डिस्प्लेकॅल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जमतं. आम्ही सांगली, मिरज आणि तासगावचे मिळून चार एडिटर आहोत, चौघांनी काँट्रिब्युशन काढून एकच यंत्र घेतलंय, बचत गटासारखं. सध्या ते मिरजेत आहे आणि मिरजवाला फोन उचलत नाही. पुढच्या रविवारी माझा नंबर, हातात आलं की कोपऱ्यातली ती झाक आणि माझा गावठी कागदवाला ब्राइटनेस किती चुकला ते आकड्यांसकट इथंच टाकतो.